सत्तर एमबीचं घर आणि कार्डावरची वाटणी

गेले दोन-तीन शनिवार-रविवार मी एका जुन्या भानगडीच्या मागे लागलोय. भानगड म्हणजे काय, तर अँड्रॉईड फोनच्या मेमरी कार्डाचे दोन तुकडे करायचे आणि त्यातल्या एका तुकड्यावर फोनमधली ॲप्स हलवायची. साधारण २००८ ते २०१५ या काळात जगभरच्या हौशी मंडळींनी या एका गोष्टीवर इतकं डोकं खर्च केलंय की बस्स!

आता तुम्ही म्हणाल, आज साधा फोनसुद्धा १२८ जीबीचा येतो, हे जुनं मढं कशाला उकरतोस? प्रश्न बरोबर आहे. पण मला हा इतिहास जसजसा उलगडत गेला तसतसं वाटायला लागलं की ही गोष्ट फक्त जागेची नाहीच. कार्ड कुणाचं, फोन कुणाचा आणि त्यावरच्या वस्तूंवर हक्क कुणाचा, असं हे भांडण आहे. जागेचा प्रश्न सुटला, पण ते भांडण संपलेलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

तर सुरुवात करू २००८ पासून. त्या वर्षीच्या २३ सप्टेंबरला टी-मोबाईल जी-१ नावाचा फोन जाहीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत विकायला आला. बनवला होता तैवानच्या एचटीसीने. अँड्रॉईडवर चालणारा, बाजारात आलेला हा पहिला फोन. बाहेर सरकणारा कीबोर्ड, ५२८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १९२ एमबी रॅम आणि आत २५६ एमबी फ्लॅश मेमरी. एमबी हं, जीबी नव्हे!

बरं, हे २५६ सुद्धा सगळे आपले नाहीत. कारखान्यातच त्यांची वाटणी झालेली. सुमारे ६७ एमबी ऑपरेटिंग सिस्टीमला, तेवढेच कॅशसाठी, म्हणजे अपडेट वगैरे उतरवून घेण्यापुरते, थोडे बूट आणि रिकव्हरीला. उरले साधारण ७५. त्यात सगळी ॲप्स, त्यांचा डेटा, एसएमएस, ईमेल, कॉन्टॅक्ट्स. प्रत्यक्षात माणसाच्या हाती ७० एमबीच्या आसपास यायचे. आज तेवढ्यात एखादं बँकेचं ॲपसुद्धा मावायची मारामार.

आणि गंमत अशी की त्याच फोनला मायक्रोएसडी कार्डाची खाच होती. त्यात १६ जीबीचं कार्ड बसायचं. म्हणजे आतल्या जागेच्या दोनशे पटीहून जास्त जागा शेजारी रिकामी पडलेली, पण तिथे फक्त गाणी आणि फोटो ठेवायचे. ॲपला प्रवेश बंद.

का बरं? गूगलच्या इंजिनियरांना हे दिसत नव्हतं का?

दिसत होतं. पण अडचण खरी होती, आणि ती समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल. मेमरी कार्ड विकत घेतलं की ते 'फॅट' प्रकारात फॉरमॅट केलेलं असतं. फॅट ही फाईल सिस्टीम १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्डने लिहिली, तीही फ्लॉपी डिस्कसाठी. तिचा थोरला अवतार फॅट-३२ आला १९९६ मध्ये. तिचा मोठा गुण म्हणजे ती सगळीकडे चालते. विंडोज, मॅक, कॅमेरा, टीव्ही, गाडीतला म्युझिक प्लेअर, कुठेही कार्ड घाला, वाचलं जातं. म्हणून तर २००६ च्या एसडीएचसी मानकातही ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांसाठी तीच ठेवली.

तिचा मोठा अवगुण असा, की तिला मालकी हा प्रकारच ठाऊक नाही. ही फाईल कुणाची, ती कुणी वाचावी, कुणी बदलावी, याची नोंद ठेवायला फॅटमध्ये जागाच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या जमिनीला सातबाराच नाही. जो आत आला तो मालक.

अँड्रॉईडची सगळी सुरक्षा मात्र सातबाऱ्यावर उभी आहे. अँड्रॉईडच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्समध्ये प्रत्येक माणसाला एक युजर नंबर असतो. अँड्रॉईडवाल्यांनी काय शक्कल लढवली, तर माणसांऐवजी प्रत्येक ॲपलाच वेगळा युजर नंबर दिला, १०००० पासून पुढे. त्यामुळे गेमला तुमच्या ईमेलच्या फाईली उघडता येत नाहीत. गेम बिचारा चांगला आहे म्हणून नव्हे, तर लिनक्स त्याला दारातूनच परत पाठवतं म्हणून. आता हीच ॲप्स फॅटवर नेऊन ठेवली तर सातबारा गळून पडतो आणि कुठलंही ॲप दुसऱ्याच्या घरात शिरू शकतं. त्यात आणखी एक व्यापारी कारण होतं. फेब्रुवारी २००९ पासून विकतची ॲप्स सुरू झाली. ती फॅटवर पडली असती तर कुणीही कार्ड काढून, कॉम्प्युटरला लावून, त्यांची कॉपी मित्राला दिली असती.

म्हणजे नकाराला कारण होतं. पण ७० एमबीत राहणाऱ्याला कारण सांगून काय उपयोग? त्याला जागा हवी होती.

इथे कथेत एक मजेदार वळण येतं. कार्डाशी काही खटपट करायची तर फोनवर 'रूट' अधिकार पाहिजेत, म्हणजे त्या लिनक्सचा सर्वाधिकारी व्हायला पाहिजे. कंपनी तो अधिकार गिऱ्हाईकाला देत नाही. पण नोव्हेंबर २००८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की जी-१ च्या कीबोर्डवर तुम्ही जे काही टाईप कराल ते पडद्यामागे चालू राहिलेल्या एका रूट शेललाही जातंय! म्हणजे तुम्ही कुणाला मेसेजमध्ये 'रीबूट' एवढाच इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबलं, की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू. मग लोकांनी टेलनेट सर्व्हर सुरू करायची कमांड टाईप केली आणि फोनमध्ये रूट म्हणून थेट आत शिरले. पुढच्याच अपडेटमध्ये हे भोक बुजवलं गेलं. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रूट मिळाल्यावर हौशी मंडळींनी जे केलं ते मला आजही फार सुंदर वाटतं. कारण त्यात अँड्रॉईडला धक्का लावलेलाच नाही. फॅटला मालकी कळत नाही ना? मग कार्डाचा एक तुकडा फॅट ठेवायचाच नाही. त्यावर लिनक्सची स्वतःची फाईल सिस्टीम घालायची, ईएक्सटी-२. रेमी कार्ड या फ्रेंच माणसाने लिहिलेली (आडनाव खरंच कार्ड आहे!), १९९३ पासून वापरात असलेली. तिच्यात मालक, परवानगी, सगळा सातबारा व्यवस्थित.

मग कार्डाची वाटणी व्हायची ती अशी. पहिला तुकडा फॅट-३२, मोठा, गाणी-फोटोंसाठी. दुसरा ईएक्सटी-२, पाचशे एमबी ते एक जीबी, ॲप्ससाठी. काही जण तिसरा छोटा तुकडा स्वॅपला द्यायचे, रॅम कमी पडायची म्हणून. क्रम मात्र चुकवायचा नाही. कारण विंडोजला काढता-घालता येणाऱ्या डिस्कवरचा पहिलाच तुकडा दिसायचा (ही सवय तिने विंडोज १० मध्ये, २०१७ साली सोडली). ईएक्सटी पहिला ठेवला, तर कॉम्प्युटरला लावल्याबरोबर 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असा प्रेमळ प्रश्न यायचा. घरातल्या कुणी चुकून हो म्हटलं की खेळ खल्लास.

वाटणी झाली. आता ॲप्स हलवायची. अँड्रॉईडला तर ठाम माहीत आहे की ॲप्स आतल्या मेमरीत अमुक एका फोल्डरमध्येच असतात. त्याला समजावत बसण्यापेक्षा ते फोल्डर उचलून कार्डावर नेलं आणि जुन्या जागी एक 'सिमलिंक' ठेवली. बाजारात दुकानाच्या बंद शटरवर पाटी असते ना, 'आमचे दुकान समोरच्या गल्लीत हलविले आहे', अगदी तीच. अँड्रॉईड जुन्या पत्त्यावर जायचं, पाटी वाचायचं आणि मुकाट्याने कार्डावर पोचायचं. त्याला कळायचंही नाही की आपण घराबाहेर आलोय.

हे सगळं फोन सुरू होताना, अँड्रॉईडला पूर्ण जाग येण्याच्या आत उरकायचं असे. त्यासाठी स्क्रिप्ट लिहिल्या गेल्या. स्टीव्ह कॉन्डिकच्या सायनोजेनमॉडमध्ये तर कार्डावर ईएक्सटीचा तुकडा दिसला की ॲप्स आपोआप तिकडे जायची. डार्कट्रेमर नावाची स्क्रिप्टही गाजली. पुढे बुलेंट अकपिनारचं लिंक-टू-एसडी आलं आणि कमांड टाईप न करता, बोटाने यादीतून ॲप निवडून हलवता यायला लागलं.

आता हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे अँड्रॉईड २००९ मध्ये एचटीसी मॅजिकबरोबर आलं, पण त्याची किंमत तुमच्या-माझ्या घरात विचारण्याजोगी नव्हती. खरा पूर आला २०११ नंतर. सॅमसंग गॅलेक्सी वाय, म्हणजे यंग, हा त्यातला राजा. कॉलेजच्या कट्ट्यावर, एसटी स्टँडवर, जिकडे तिकडे तोच. ८३२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि आतली जागा दोनशे एमबीपेक्षाही कमी! म्हणजे अमेरिकेत २००८ ला जी चणचण होती तीच स्वस्त फोनांमधून आपल्याकडे तीन वर्षांनी येऊन पोचली. महाग फोनवाले तोपर्यंत जीबीत गेले होते. जागेची टंचाई नेहमी स्वस्त फोनवाल्यांकडेच मुक्कामाला असते, हे तेव्हापासूनचं.

मी तेव्हा शाळेत. २०१२ च्या दिवाळीत माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पुण्याहून घरी आला होता. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या गॅलेक्सी वायवर हा प्रयोग त्याने आमच्या माडीवर बसून केला. लॅपटॉपवर लिनक्सची सीडी घालून जी-पार्टेड उघडलं आणि पडद्यावर कार्डाची आडवी पट्टी आली. त्याने ती माऊसने ओढून दोन रंगांची केली. खाली काका म्हणाले, "दिवाळीत कसली रे वाटणी करताय?" दादा म्हणाला, "काका, ही वाटणी केली की भांडण मिटतं." मला तेव्हा काही कळलं नाही, पण पार्टिशन म्हणजे खरंच वाटणी असते, हे डोक्यात पक्कं बसलं. पुढे ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला मला तो धडा वेगळा शिकावा लागला नाही.

पण यात सगळं गोड होतं असं मुळीच नाही. कार्ड म्हणजे काही आतली मेमरी नव्हे. कार्डावर 'क्लास ४', 'क्लास १०' असं छापलेलं असतं. तो आकडा म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान किती एमबी, एवढंच. व्हिडिओ शूट करायला ते ठीक. ॲप्स मात्र सलग लिहित नाहीत. इथे चार केबी, तिथे चार केबी, डेटाबेसमध्ये एक ओळ, परत दुसरीकडे. त्यात स्वस्त कार्डाची दमछाक होते. ह्योजुन किम, नितीन अग्रवाल आणि क्रिस्टियन उंगुरेआनु यांचा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध आहे. फोन हळू वाटतो त्याला नेटवर्क किंवा प्रोसेसर एवढंच कारण नसून साठवणही मोठं कारण असतं आणि कार्डावरच्या क्लासच्या आकड्यावरून ॲप कसं चालेल ते सांगता येत नाही, हे त्यांनी मोजून दाखवलं. कार्ड बनवणाऱ्यांच्या संघटनेने ॲप्ससाठी वेगळा 'ए-१' शिक्का आणला तो २०१६ च्या शेवटी. सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं जमली तरच तो मिळतो. म्हणजे हौशी लोकांची खरी गरज काय होती हे मानकात यायला आठ वर्षं गेली!

शिवाय कार्ड मरायचीही. फ्लॅश मेमरीला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते. म्हणून तर ईएक्सटी-२ की ईएक्सटी-३ यावर लोक हमरीतुमरीवर येत. तीनमध्ये जर्नल आहे, म्हणजे अचानक बॅटरी गेली तरी फाईल सिस्टीम सावरते, पण त्यासाठी जास्त लिहावं लागतं, म्हणजे कार्ड लवकर झिजणार. दोनमध्ये झीज कमी, पण झटका बसला तर राम भरोसे. बरोबर उत्तर नव्हतंच. आपली जोखीम आपण निवडायची.

आणि हे वाक्य महत्त्वाचं आहे. जोखीम आपली होती, पण निवडही आपली होती.

आता गूगलचं उत्तर बघू. मे २०१० मध्ये अँड्रॉईड २.२, म्हणजे फ्रोयो, जाहीर झालं आणि त्यात अधिकृतपणे ॲप्स कार्डावर नेण्याची सोय आली. सेटिंगमध्ये जाऊन बटण दाबा, झालं. रूट नको, वाटणी नको, काही नको.

त्यांनी वाटणी टाळली ती अशी. कार्ड फॅटच ठेवलं. पण प्रत्येक ॲपसाठी त्यावर एक बंद फाईल तयार केली, कूटबद्ध. तिची किल्ली फोनमध्ये. ॲप सुरू करायचं तेव्हा ती फाईल म्हणजे जणू एक छोटी डिस्कच, अशी जोडायची. सातबारा नसलेल्या धर्मशाळेत आपली कुलूपबंद ट्रंक ठेवावी तसं. ट्रंक कुणी उचलून नेली तरी किल्ली आपल्या कंबरेला. कॉपीचाही प्रश्न मिटला. इंजिनियर म्हणून मी याला मनापासून दाद देतो.

पण व्यवहारात? ट्रंकेत जायची फक्त एपीके, म्हणजे ॲपची मूळ फाईल. ॲपचा डेटा, डेटाबेस, चालवण्यासाठी तयार करून ठेवलेला कोड, हे सगळं आतल्या मेमरीतच. म्हणजे सामान हलवलं तरी निम्मा संसार जुन्याच खोलीत. शिवाय ॲप बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच ते हलणार, आणि अनेकांनी दिलीच नाही. विजेट असलेली किंवा मागे सतत चालणारी ॲप्स कार्डावर ठेवू नका असं गूगलच सांगत होतं. कारण फोन कॉम्प्युटरला जोडून कार्ड उघडलं की फॅटचा अख्खा तुकडा कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचा आणि त्यावरची ॲप्स जागच्या जागी बंद पडायची. गंमत बघा, हौशी वाटणीत हा त्रास नव्हता. कॉम्प्युटरकडे फॅटचा तुकडा गेला तरी शेजारचा ईएक्सटीचा तुकडा फोनकडेच राहायचा.

त्यामुळे झालं असं की अधिकृत सोय आली तरी वाटणीवाले हटले नाहीत. त्याच वर्षीच्या एचटीसी डिझायरसारख्या भारी फोनमध्येसुद्धा ॲप्सना दीडशे एमबीच्या आसपासच जागा होती. लिंक-टू-एसडी लोकप्रिय झालं ते फ्रोयो येऊन गेल्यानंतर, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मग गूगलने रस्ताच बदलला. २०११ च्या हनीकोम्बपासून फोन-टॅब्लेटमधली ॲप्सची जागा आणि फोटोंची जागा एकच झाली. आतली भिंत पाडली. एक मोठं घर, ज्याला जेवढं लागेल तेवढं घ्या. वर्षअखेरीस आलेल्या गॅलेक्सी नेक्ससला तर कार्डाची खाचच नव्हती. कल्पना चांगली होती, पण १६ जीबी आत असणाऱ्यांसाठी. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात अँड्रॉईड वन वाजतगाजत आलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाईस यांचे ६,३९९ रुपयांपासूनचे फोन. आत चार जीबी, त्यातले बरेचसे सिस्टीमनेच खाल्लेले. पुढे व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातच्या फुलांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने भारतात 'फाईल्स गो' हे फोन साफ करायचं ॲप आणलं, ते काही उगाच नाही.

आणि आता शेवटचा अंक. ऑक्टोबर २०१५, अँड्रॉईड ६, मार्शमॅलो. नव्या सोयीचं इंग्रजी नाव मराठीत आणायचं तर 'दत्तक घेण्याजोगी साठवण'. कार्ड घातलं की फोन विचारतो, हे नुसतं सामान ने-आण करायला वापरू की घरचंच समजू? घरचं म्हटलंत की फोन ते कार्ड पुसतो, त्याची नव्याने वाटणी करतो, त्यावर लिनक्सची फाईल सिस्टीम घालतो आणि ॲप्स, त्यांचा डेटा, सगळं तिकडे नेता येतं. कार्ड हळू असेल तर मोजून तसं सांगतोही.

वाचताना मला हसूच आलं. फॅट नको, लिनक्सची फाईल सिस्टीम हवी, नुसती एपीके हलवून भागत नाही, हे सगळं हौशी मंडळींनी सात वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं! आणि कमाल म्हणजे एक छुपी कमांडही आहे. कॉम्प्युटरवरून फोनला 'अर्धं कार्ड दत्तक घे, अर्धं मोकळं ठेव' असं सांगता येतं. दादाची दोन रंगांची पट्टी, पण अधिकृत. सेटिंगमध्ये मात्र ती कुठे दिसत नाही.

पण एक फरक आहे आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा मुद्दा त्या एका फरकात आहे. दत्तक गेलेल्या मुलाचं जसं नाव बदलतं, घर बदलतं, तसं या कार्डाचं होतं. ते कूटबद्ध होतं आणि किल्ली फक्त त्या एका फोनच्या पोटात राहते. दुसऱ्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये घालून बघा, काही दिसणार नाही.

माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. २०१८ मध्ये तिच्या फोनची जागा सारखी भरायची म्हणून एका दुकानदाराने कार्ड 'आतलं' करून दिलं. बटण दाबलं, सगळं सुरळीत. वर्षभराने फोन पाण्यात पडला आणि मेला. मावशी निर्धास्त होती, "फोन गेला तर गेला, फोटो कार्डावर आहेत ना!" तिने नवा फोन घेतला, कार्ड घातलं. नवा फोन म्हणाला, कार्ड ओळखता येत नाही, फॉरमॅट करू? त्यात काकांच्या साठीशांतीचे फोटो होते. तिने ते कार्ड माझ्याकडे पाठवलं, इंजिनियर आहे म्हणून. मी रविवारभर बसलो. कार्ड ठणठणीत होतं. एक एक बाईट वाचता येत होता. फक्त त्या बाईटांचा अर्थ सांगणारी किल्ली मेलेल्या फोनबरोबर गेली होती. कार्ड हातात धरून 'यात फोटो आहेत पण निघणार नाहीत' हे मावशीला समजावणं मला कुठल्याही क्लायंट कॉलपेक्षा जड गेलं.

दादाच्या पद्धतीत काय झालं असतं? फोन मेला असता, कार्ड लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावलं असतं आणि दोन्ही तुकडे उघडले असते. अर्थात, तेच कार्ड रस्त्यात हरवलं असतं तर ते सापडलेल्या कुणालाही उघडले असते. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. गूगलने कुलूप उगाच लावलेलं नाही. फोनमध्ये आज बँक आहे, आधार आहे, आख्खं आयुष्य आहे. ते कुलूप हवंच. माझी तक्रार कुलपाबद्दल नाही. घरमालकाला किल्लीची दुसरी प्रत देता आली असती, ती कुणी दिली नाही, याबद्दल आहे. निदान 'हा फोन मेला तर यातलं काही परत मिळणार नाही' एवढं तरी त्या बटणाच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. तेही आपल्या भाषेत.

विशेष म्हणजे सॅमसंग आणि एलजीला हे बहुधा जाणवलं असावं. २०१६ च्या गॅलेक्सी एस-७ आणि जी-५ या फोनांमध्ये त्यांनी ही दत्तकाची सोय ठेवलीच नाही. सॅमसंगचं म्हणणं साधारण असं, की आमची गिऱ्हाइकं कार्ड काढून लॅपटॉपला लावतात, त्यावरून फोटो नेतात-आणतात, दत्तक घेतल्यावर ते कसं जमणार? म्हणजे लोकांच्या लेखी कार्ड हे अजूनही बाहेर काढता येणारी, आपल्या मालकीची वस्तू होती. पुढे २०२१ च्या एस-२१ पासून सॅमसंगने त्या मालिकेतून कार्डाची खाचच काढून टाकली आणि तिथे तरी वादच मिटवला :)

आता नवीन तोडगा आहे ॲप 'आर्काइव्ह' करण्याचा. २०२३ मध्ये तो प्ले स्टोअरमधून आला आणि २०२४ मध्ये अँड्रॉईड १५ मध्येच बसवला गेला. जागा कमी पडली की न वापरलेल्या ॲपची मूळ फाईल काढून टाकायची आणि डेटा तेवढा फोनमध्ये ठेवायचा. परत हवं तेव्हा नेटवरून उतरवून घ्या. बघा, फ्रोयोनेही एपीकेच बाहेर काढली होती आणि डेटा आत ठेवला होता. तेव्हा एपीके तुमच्या खिशातल्या कार्डावर जायची, आता ती कंपनीच्या सर्व्हरवर राहते. ट्रंक ठेवायची जागा तेवढी बदलली.

असो. जागेचा प्रश्न पैशाने आणि वेळेने सुटतो, तसा तो सुटलाही. किल्लीचा तसा सुटत नाही. म्हणून एक काम सांगतो, दोन मिनिटांचं आहे. या शनिवार-रविवारी घरातल्या मोठ्या माणसांचे फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा आणि कार्ड 'पोर्टेबल' आहे की 'इंटर्नल' ते बघा. इंटर्नल असेल तर फोटोंची एक प्रत आजच कॉम्प्युटरवर काढून घ्या. फोन जिवंत आहे तोवर सगळं निघतं.